चर एकदाच खणा

२०१० सालच्या जुलैत उपनगरातल्या एका मोठ्या बागेत एक रेन ट्री आडवा झाला. पहाटे पडला म्हणून खाली कुणी सापडलं नाही. मी सातच्या सुमारास पोचलो तेव्हा मुळं वर आली होती, आणि पूर्वेकडची मुळं सुरीने कापावीत तशी सरळ तुटलेली दिसली. त्या बाजूचा चर आमचा होता. जॉगिंग ट्रॅकच्या कडेचे दगड बसवायला मार्चमध्ये मीच तो खणून घेतला होता.

पश्चिमेला पावसाळी गटाराचा चर होता, दक्षिणेला दिव्यांच्या केबलचा. तीन ठेकेदार, तीन वर्क ऑर्डर, तिघांकडे रीतसर परवानगी. प्रत्येकाने एकाच बाजूची मुळं तोडली होती, आणि एका बाजूची मुळं गेली तर एवढं झाड पडत नाही, असंच प्रत्येकाने धरलं होतं. माझ्या ड्रॉइंगवर ते झाड म्हणजे एक हिरवं वर्तुळ होतं. बाकीचे दोन चर माझ्या ड्रॉइंगवर नव्हते, आणि माझा त्यांच्या ड्रॉइंगवर नव्हता. तिथले माळीकाका बाजूला उभे होते. म्हणाले, "साहेब, तिघंही खणणार हे मला ठाऊक होतं. पण मला विचारायला कुणी आलंच नाही."

मंडळी, सगळ्या साइटवर तिन्ही कामं माहीत असलेला तो एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात काम थांबवायचा अधिकार नव्हता. मी त्यानंतरही बरीच वर्षं साइटवर काढली, पण हे विसरता आलं नाही.

आज लिहायचं कारण महालक्ष्मी. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे राहणार आणि १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान होणार, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. कोस्टल रोडच्या भरावावरची १७५ एकर मोकळी जागा त्याला जोडली की सगळं मिळून २९५ एकर. शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे, म्हणजे नुसत्या रेसकोर्सच्या तुकड्यात चार शिवाजी पार्क मावतील. आपल्या हयातीत एवढी मोकळी जमीन मुंबईकरांच्या वाट्याला पुन्हा येईल असं मला वाटत नाही. उद्यान व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मला काळजी आहे ती ते बांधलं कसं जाईल याची.

कोण कोण खणणार ते बघा. झाडं, हिरवळ उद्यान खात्याची. पाण्याची लाइन जल अभियंत्यांची. पावसाचं पाणी पर्जन्य जलवाहिन्यांच्या खात्याचं, शौचालयाचं मलनिःसारणाचं, दिवे आणखी कुणाचे. कोस्टल रोडच्या बाजूला जायला भुयारी मार्ग हवा. मेट्रो ३ ची महालक्ष्मी आणि सायन्स सेंटर ही स्थानकं जवळच, तिथून येणाऱ्या माणसांना वाट हवी. जमिनीखाली वाहनतळ आणि खेळांच्या सोयी करायचीही चर्चा आहे. (ती मला पटत नाही. स्लॅबवर चार फूट माती टाकून हिरवळ होईल, वड होणार नाही.)

आणि शेजारी घोडे पळत राहणार. मुंबईतल्या शर्यतींचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात शर्यती पुण्याला. म्हणजे बांधकामाला लागणारे कोरडे महिने नेमके तेच, ज्या महिन्यांत पलीकडे घोडे धावत असतात. ब्रेकर कधी चालवायचा, डंपर कुठल्या गेटने आणायचे, हे शर्यतींचा तक्ता हातात घेतल्याशिवाय ठरवताच येणार नाही. हे काम कुठल्या खात्याचं? आजच्या रचनेत कुठल्याच एकाचं नाही.

ही जमीन मुळात कोरडीही नव्हे. अठराव्या शतकात वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घालून ते अडवलं. बांध सारखा ढासळायचा, मग रामजी शिवजी प्रभूंना देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या, देऊळ बांधलं आणि बांध टिकला, ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकली असेल. साइटवरच्या माणसाला त्या कथेत कामाचा क्रम दिसतो: आधी समुद्राचं मागणं, मग भिंत. म्हणून माझं म्हणणं, या उद्यानाच्या नकाशावर पहिली रेघ पाण्याची ओढा. आत्ता पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं, कुठून निघून जातं, भरतीच्या वेळी कुठे थबकतं, हे एक अख्खा पावसाळा जागेवर उभं राहून बघा. त्यानंतर झाडं, एकेक, क्रमांकासकट. पायवाटा आणि शौचालयं उरलेल्या जागेत.

झाडाबद्दल एक गोष्ट आमच्या धंद्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरलेली असतात. त्यांना मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरलेला डंपर महिनाभर त्यावरून गेला की माती दबून दगडासारखी होते, आत हवा जात नाही, पाणी मुरत नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो. तोवर ठेकेदाराचं शेवटचं बिल निघून गेलेलं असतं आणि लोक म्हणतात, कीड लागली असेल.

वेळापत्रकाचंही तसंच. ठेक्याचे महिने वर्क ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, बागेचे पावसापासून मोजावे लागतात. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन धडकला. रस्त्यांची खोदकामं मेअखेर थांबवायची पद्धत आहे. बागेत मी दहा मेच्या पुढे एकही उघडा चर ठेवू देणार नाही. झाडं लावायची ती जून-जुलैत. अनेक ठेक्यांत लागवड सगळ्यात शेवटी असते आणि सिव्हिल काम ज्या महिन्यात संपेल त्या महिन्यात रोपं खड्ड्यात जातात. फेब्रुवारीत लावलेली रोपं एप्रिलच्या उन्हात काड्या झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ज्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत ती रोपं अजून जिवंत असतील.

आता पैशांची बाजू. प्रत्येक ठेक्यात दोषदायित्वाचा काळ असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. पण मी घातलेला रस्ता केबलवाल्याने उखडला की मी म्हणतो, आता माझी जबाबदारी संपली. केबलवाला म्हणतो, मी माझ्यापुरतं बुजवलं. दोघांचंही कागदावर बरोबर. मग खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर एखादी आजी अडखळते आणि दुरुस्तीची नवी निविदा निघते. एकाच जागी तीनदा खणण्याचे पैसे आपण तीनदा भरतो. सगळ्या नळ्या, केबली, गटारं यांच्यासाठी पायवाटेखाली एकच सामाईक चर ठरवला, ठरावीक अंतरावर चेंबर ठेवले आणि पुढच्या वीस वर्षांसाठी दोन रिकामे पाइप टाकून ठेवले, तर हे सगळं टळतं. खर्च सुरुवातीला वाढतो, हे मान्य.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी भायखळ्याला जाऊन यावं. राणीच्या बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी होते. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी पुन्हा उघडलं. पालिका तीच, शहर तेच, पाऊसही तोच. तीन पक्ष एका करारात बांधलेले होते. इमारत आणि १२० एकर जमीन यांत फरक आहे, मला कळतं. जमिनीवर तर असा करार जास्तच लागतो.

समन्वय बैठका मी आयुष्यात भरपूर पाहिल्या. इतिवृत्तात शेवटी लिहिलेलं असतं, "संबंधितांनी समन्वय साधावा". संबंधित म्हणजे कोण, हे लिहिलेलं नसतं. म्हणून माझी मागणी बैठकीची नाही. एक माणूस नेमा, स्थापत्याचा किंवा उद्यानाचा, पण पूर्णवेळ तिथेच बसणारा. त्याच्या भिंतीवर सगळ्यांचं मिळून एकच ड्रॉइंग असू द्या, दर आठवड्याला नवं. त्याच्या सहीशिवाय कुणाचाही जेसीबी आत येणार नाही, आणि त्याने थांब म्हटलं की काम थांबेल, ठेका कितीही मोठा असो. ते ड्रॉइंग गेटवरही लावा, मराठीत, म्हणजे चालायला येणाऱ्यालाही कळेल की पुढच्या महिन्यात कुठे खणणार आहेत.

आणि सगळी जागा एकदम पत्रे ठोकून बंद करू नका. तुकड्यातुकड्याने करा, एक तुकडा पूर्ण करून लोकांना द्या, मग दुसरा घ्या. आमच्या चाळीतल्या आठ वर्षांच्या पोराला "तीन वर्षं थांब" म्हणणं म्हणजे तो अकरा वर्षांचा होईपर्यंत त्याला जिन्यात खेळायला सांगणं.

मी लोअर परळला राहतो, रोज सकाळी रेसकोर्सवर चालतो. येत्या रविवारपासून तिथल्या झाडांची माझ्यापुरती यादी करायला घेतोय: कुठलं झाड, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर किती, फांद्यांचा पसारा कुठवर, पावसात बुंध्याशी पाणी साचतं का. टेप माझ्याकडे आहे, वह्या आणल्या आहेत. झाडं ओळखणारं कुणी असेल तर फार बरं होईल, माझं त्यात कच्चं आहे. साडेसहाला डॉ. ई. मोझेस रोडच्या बाजूला भेटू. टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागतोच.