‘उत्साह दांडगा, अभ्यास कमी’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

हिप हॉप नाचातल्या बायकांवरच्या माझ्या लेखाखाली ‘अस्सल सोलापूरकर’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथं देते: “ताई, उत्साह दांडगा आहे, अभ्यास कमी. हिप हॉपमध्ये बायका नाचल्या असतील, पण नाच बसवले ते पुरुषांनीच. ऑलिम्पिकमध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या बाईंनी काय दिवे लावले ते जगानं पाहिलं, त्यावर लेखात अवाक्षर नाही. आणि आपल्या गावात फी भरून हे शिकणाऱ्या पोरी किती? विडी वळणाऱ्या बाईच्या पोरीला याचं काय?” यापुढे आणखी एक ओळ होती, तिच्याकडे शेवटी येते.

दादा, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दाला कान धरायचा, ही कुठली रीत? याच ब्लॉगवर मी पॉपिंग (अंगाला झटके देत करायचा नाच) करणाऱ्या पुरुषांवर लिहिलं होतं. तेव्हाही उत्साह दांडगाच होता, आणि खाली ‘माहितीपूर्ण लेख’, ‘छान’, ‘लिहीत राहा’ असे अंगठे आले होते. बायकांवर लिहिलं की लगेच अभ्यास कमी पडतो. हे मी पहिल्यांदा बघत नाही, म्हणून जरा जास्तच लागलं असेल. असो.

एक गोष्ट मान्य करते. ऑलिम्पिकचा भाग मी घाईत उरकला होता. तर घ्या. ९ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ब्रेकिंग म्हणजे हिप हॉपमधल्या ब्रेकडान्सची स्पर्धा. ‘रेगन’ या नावानं उतरलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रेचल गन आपल्या तिन्ही बॅटल (दोघींनी आमनेसामने नाचायच्या लढती) हरल्या, परीक्षकांचं एकही मत त्यांना मिळालं नाही. त्याच दिवशी, त्याच फरशीवर जपानच्या आमीनं सुवर्ण घेतलं, लिथुआनियाच्या निकानं रौप्य आणि चीनच्या ‘६७१’ नावानं नाचणाऱ्या लिऊ चिंगईनं कांस्य. निका तेव्हा १७ वर्षांची होती. यातलं कुठलं रील तुमच्या फोनवर फिरलं आणि कुठलं नाही, हे तुम्हीच बघा.

आता ते वाक्य. ‘नाच बसवले ते पुरुषांनीच.’

मुळापासून घेऊ. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. जग हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून जी पार्टी सांगतं, तिथं रेकॉर्ड लावत होता डीजे कूल हर्क. पार्टी ठरवली त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं इमारतीतली खोली घेतली आणि तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. नाच नाही बसवला तिनं, कबूल. पण तिनं ती खोली घेतली नसती तर तुम्हाला आणि मला भांडायला हा विषय मिळाला असता का?

नाच बसवणाऱ्याच हव्यात, तर टोनी बेझिल. लॉकिंग, म्हणजे नाचता नाचता अंग झटक्यात थांबवायची शैली, शोधली डॉन कॅम्पबेलनं, त्यात वाद नाही. ती कॅलिफोर्नियातली, ब्रॉंक्समधली नाही, हेही मला ठाऊक आहे, त्यावर नवी कमेंट नको. पण क्लबात एकेकटे नाचणारे लॉकर्स एकत्र आणून त्यांचा ‘द लॉकर्स’ हा संच उभा करण्यात बेझिल डॉनच्या बरोबरीनं होती. ती आधीपासून टीव्हीसाठी नाच बसवत होती. कोण कुठं उभा राहील, कॅमेरा कुठून बघेल, हा हिशेब तिला येत होता. रस्त्यावरचा नाच रंगमंचावर आणायला हाच हिशेब लागतो. मी हे रोज करते म्हणून सांगते: स्टेप सुचणं हा निम्मा भाग, उरलेला निम्मा म्हणजे आठ जणांनी एकमेकांच्या अंगावर न पडता ती करणं.

मग रोझी पेरेझ. ब्रुकलिनची, ‘सोल ट्रेन’ या टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात नाचलेली. १९९० मध्ये अमेरिकेत ‘इन लिव्हिंग कलर’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या ‘फ्लाय गर्ल्स’ या नाचणाऱ्या मुलींच्या संचाचे नाच तिनं बसवले. क्लबातलं हिप हॉप दर आठवड्याला घराघरात गेलं ते त्या मुलींच्या अंगावरून. जेनिफर लोपेझ नंतर त्याच संचात आली. पेरेझला त्या कामासाठी एमी या टीव्हीच्या पुरस्काराची नामांकनं मिळाली. आणि फातिमा रॉबिन्सन. मायकल जॅक्सनच्या ‘रिमेंबर द टाइम’चा नाच १९९२ चा. तो बसवला तेव्हा ती जेमतेम विशीची होती, क्लबात नाचून शिकलेली. जॅक्सनचे ते हात-मानेचे झटके आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किती पोरांनी उचलले! त्यातल्या एकाला तरी बाईचं नाव माहीत होतं का? मलाही कुठं होतं.

इथंच खरी मेख आहे. नाच बसवते कोण आणि पाटीवर नाव लागतं कोणाचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पाटी वाचून बोलताय.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी ज्या क्लासमध्ये शिकले, नाव घेत नाही, तिथं हिप हॉपच्या बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. खाली शहाबादी फरशी. एका हातावर अंग तोलून फ्रीझ धरायचा, म्हणजे तसंच स्थिर राहायचं, तर मनगट ठणकायचं. फूटवर्कला वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरायचो. वर पांढरी गुळगुळीत बाजू, आणि पाय फिरताना फ्लेक्सचा कोपरा दुमडला की खालून नगरसेवकाचा चष्मा दिसायचा. त्या फ्लेक्सवर मी आमच्या संचाचा नाच बसवला. जागा खडूनं आखल्या, मुलांकडून काउंट घोटून घेतले. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम झाला तेव्हा निवेदकानं वाचलं, ‘नृत्यदिग्दर्शन : सर’. माझं नाव वेशभूषेत होतं. सरांना विचारलं तर म्हणाले, “अगं, क्लासचं नाव मोठं झालं म्हणजे तुझंच झालं की.” उद्या कुणी त्या कार्यक्रमाची पत्रिका शोधून काढली आणि म्हणाला की सोलापुरात नाच पुरुषच बसवायचे, तर त्याच्याकडे छापील पुरावा असेल. तुमच्यासारखाच.

पुढचं उदाहरण आजचं. न्यूझीलंडची पॅरिस गोबेल. शाळा १५ व्या वर्षी सोडलेली, साउथ ऑकलंडची. तिच्या ‘रॉयल फॅमिली’ या संचानं जागतिक हिप हॉप स्पर्धेत मेगा क्रू (मोठ्या संचांच्या) गटाचं विजेतेपद २०११, २०१२ आणि २०१३ असं लागोपाठ घेतलं. जस्टिन बीबरच्या ‘सॉरी’च्या व्हिडिओत २०१५ मध्ये नाचतात त्या सगळ्या मुली, नाच तिचा आणि दिग्दर्शनही तिचंच. २०२३ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) रिहानाच्या मागं पांढऱ्या कपड्यांतला जो जमाव हलला, तोही तिनंच हलवला. पुरुषांनीच बसवले म्हणता?

बॅटलचं वेगळं, तिथं प्रत्येकजण जागेवर रचतो. पण दार तिथंही उशिराच उघडलं. रेड बुल बीसी वन ही ब्रेकिंगची स्पर्धा २००४ पासून होते, बी-गर्ल्सचं (ब्रेकिंग करणाऱ्या मुलींचं) स्वतंत्र जागतिक विजेतेपद सुरू झालं २०१८ मध्ये. पहिलं जिंकलं याच आमीनं. पुढच्या वर्षीची अंतिम फेरी मुंबईत होती, रशियाची कास्टेट जिंकली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मी ती बघायला गेले होते, जनरलच्या डब्यात. अभ्यास म्हणतात तो हाही असतो, दादा. गुगलवर दोन मिनिटं घालवून ‘अभ्यास कमी’ लिहिणं सोपं आहे.

गणपतीच्या आधी आपल्या पेठांत लेझीमचा सराव चालतो. डाव बसवणारा शिट्टी तोंडात धरून घसा फोडत असतो, तेव्हा त्याला कुणी ‘उत्साह दांडगा’ म्हणून टोमणा मारत नाही. आता मुलींच्या लेझीम पथकांनाही टाळ्या पडतात. मग त्याच मुलीनं टॉपरॉक (ब्रेकिंगच्या उभ्यानं करायच्या स्टेप) केलं की काय बिघडतं, हे मला खरंच कळत नाही.

राहिला फीचा आणि विडी कामगारांच्या मुलींचा प्रश्न. तो या लेखाचा विषय नव्हता. माझ्याकडे विडी घरकुलातून मुली येतात, त्यांच्याकडून मी काय घेते आणि काय घेत नाही ते मी आणि त्यांच्या आया बघू. तुम्हाला एवढा कळवळा असेल तर रविवारी सकाळी जुळे सोलापूरला हॉलवर या, चटया उचलायला माणूस लागतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. शेवटची ओळ तेवढी गाळली आहे, कारण माझ्या विद्यार्थिनी इथं वाचतात आणि तो शब्द त्यांनी माझ्या ब्लॉगवर शिकावा असं मला वाटत नाही. पुन्हा लिहिलंत तर त्या ओळीशिवाय लिहा. आणि खऱ्या नावानं लिहिलंत तर उत्तरही नाव घेऊनच देईन.