मे महिन्यातला हीटर

आमच्या गाडीला हीटर आहे, हे घरातल्या निम्म्या माणसांना माहीतच नव्हतं. पुण्यात त्याचं काम ते काय? डॅशबोर्डवरची ती कळ कायम निळ्या टोकाला असते आणि तिथेच म्हातारी होते. ती लाल टोकाला नेण्याची वेळ माझ्यावर आली ती मे महिन्यात, भर दुपारी. कारण गाडीतला पाण्याचा पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा.

पंप गेल्याचं निदान मिस्त्रीने केलं. त्याआधी सोसायटीने आपली निदानं करून ठेवली होतीच. गाडीखाली थेंब दिसला की पार्किंगमध्ये आपोआप बैठक भरते. वॉचमन म्हणाला, एसीचं पाणी. एसीचं पाणी हिरवं नसतं. तळमजल्यावरचे काका (सहकारी बँकेतून निवृत्त, वाहनांचा अनुभव एक स्कूटर) खाली वाकले, थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि बोट जिभेकडे न्यायला लागले. समोरच्या गॅरेजमधून मिस्त्री ओरडला, "ओ काका, विष आहे ते!" कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, मूत्रपिंडांना घातक. कुत्री-मांजरं त्या गोडीपायीच जातात. काकांनी बोट लेंग्याला पुसलं आणि म्हणाले, "मी फक्त बघत होतो."

पंपाच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता त्या भोकातून ठिबकतं. मरण्याआधी रीतसर नोटीस देणारा दुसरा भाग निदान माझ्या गाडीत तरी मला सापडलेला नाही. बाकीचे सगळे घाटात जातात.

"वॉटर बॉडी गेली साहेब," मिस्त्रीने निकाल दिला. नवा पंप आणायला मला नाना पेठेत पिटाळलं. दुकानदाराने मॉडेल, साल, महिना, पेट्रोल की डिझेल, सगळं विचारून घेतलं आणि मग काउंटरवर तीन खोकी मांडली. "हा ओरिजिनल, हा चांगला, आणि हा चालून जाईल." चालून जाईलवाल्याची किंमत इतकी मोहक होती की मी दोनदा उचलून पाहिला. पण गाडी चालून जाण्यासाठीच घेतलेली असली तरी पंपाबद्दल कोणी असं बोललं की मन घेत नाही.

प्रत्यक्ष पंप बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माझ्या गाडीत तो टायमिंग बेल्टच्या (इंजिनचे भाग तालात फिरवणारा पट्टा) मागे दडलेला आहे. त्यामुळे "एवढं खोललंच आहे तर बेल्ट आणि टेन्शनरपण टाकून घ्या, उद्या बेल्ट तुटला तर परत हीच मजुरी," हे वाक्य आलंच. त्यातली चीड आणणारी गोष्ट ही की ते खरं असतं. मग जुनं पॅकिंग खरवडणं, खुणेला खूण जुळवणं, बोल्ट आवळणं. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी. मी पाकीट काढलं.

"थांबा साहेब, अजून हवा काढायची आहे."

रिकाम्या इंजिनात कूलंट ओतलं की हवा उंचावरच्या कोपऱ्यांत दबा धरून बसते. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये. कूलंटला रेडिएटरकडे सोडणाऱ्या थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते फुगून झडप उघडतं. पण त्याच्याभोवती पाण्याऐवजी हवा असली तर त्याला पत्ताच लागत नाही. सेन्सर हवेत असला की तापमानाचा काटाही बेधडक खोटं बोलतो. काटा निवांत, आणि आत हेड वाकायला लागलेलं. हेडचा खर्च ऐकला की पंपाच्या खर्चाबद्दल माया वाटू लागते.

तेव्हा गाडीचं नाक चढावर, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडलेलं, हीटर पूर्ण लाल. आणि मी आत. "इंजिनचे फेरे दोन हजारावर धरा साहेब." मिस्त्री वरचा होज पाईप दाबत होता, बुडबुडे येत होते, आणि दर मिनिटाला तो विचारत होता,

"गरम हवा येतेय का?"

"येतेय."

"किती गरम?"

"बाहेर आहे तेवढी."

हीटरमधून गार वारा आला तर आत हवा अडकली आहे, ही परीक्षा ज्याने काढली तो नक्की बर्फाच्या देशातला. बाहेर चाळिशीच्या आसपास तापलेलं असताना गार कशाला म्हणायचं? माझ्या शर्टाची सगळी बाजू ओली झाली होती आणि मिस्त्रीच्या मते हीटर अजून थंड होता.

बुडबुडे थांबले, कूलंट भरलं, झाकण लागलं. तेवढ्यात काका ओला टॉवेल घेऊन हजर. "एकदा उघडून लेव्हल बघू या का?" ते झाकण बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब धरून असतं, म्हणून साधं पाणीसुद्धा १००ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. ते उघडणं म्हणजे शिट्टीवर आलेल्या कुकरचं झाकण ओढणं. मिस्त्रीने काकांना खांद्याला धरून सावलीत नेऊन बसवलं आणि चहा मागवला.

आणि अचानक माझ्या नडग्यांवर भट्टीचं दार उघडलं. "आली!" मी ओरडलो. मिस्त्रीने धावत येऊन जाळीसमोर हात धरला, काकांनी धरला, वॉचमननेही धरला. पाठोपाठ पुढचा पंखा घरघरत सुरू झाला. चौघांच्याही चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यातच फोन वाजला.

"अहो, जेवायला येताय ना?"

"अगं, हीटर गरम झाला!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग हलक्या आवाजात, "टोपी घातली आहे ना उन्हात?"

बिलात पंप, बेल्ट, टेन्शनर, कूलंट, मजुरी आणि "किरकोळ" असं होतं. किरकोळमध्ये काय, हे विचारल्यावर मिस्त्री चहाच्या ग्लासांकडे बघू लागला. "सकाळी इंजिन गार असताना लेव्हल बघा, थोडी उतरेल, तेवढी भरा," एवढं सांगून त्याने जुना पंप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. जुना भाग मागून घेतल्याशिवाय आम्ही गॅरेज सोडत नाही. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र आमच्या घराण्यात कोणी सांगून गेलेलं नाही. तो महिनाभर चपलांच्या कपाटावर होता. शेवटी भंगारवाल्याने उचलून पाहिला. "ॲल्युमिनियम आहे," मी म्हणालो. त्याने चक्री फिरवून बघितली, पंपाला लोहचुंबक लावला आणि म्हणाला, "आत लोखंड पण आहे साहेब. काका म्हणाले होते."