‘मुली येतच नाहीत, मग मैदान कशाला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

शाळांच्या ग्रुपपासून मॉर्निंग वॉकच्या ग्रुपपर्यंत सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘सरकारचा पैसा खेळाडूंसाठी आहे, दिखाव्यासाठी नाही. सोलापुरात फुटबॉलला मुली येतच नाहीत, तरी मैदानाचा निधी आणि वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा म्हणतात. उद्या मैदान रिकामं आणि पोरं रस्त्यावर. ज्याला आवड त्याला मैदान, हीच खरी समानता.’

वाचायला बरं वाटतं, म्हणूनच फिरतंय. एकेक वाक्य घेऊ.

‘मुली येतच नाहीत.’ किती वाजता येत नाहीत, हे आधी सांगा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43ला टेकतो. मैदान वापरता येतं ते सकाळी साडेआठपर्यंत, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. सातला अंधार. म्हणजे संध्याकाळचा जेमतेम दीड तास. त्या दीड तासात क्रिकेटची नेट लागलेली असतात, मोठ्या पोरांची मॅच रंगात आलेली असते. मुलींचा संघ विचारायला गेला की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही चारला या की.’ एप्रिलमध्ये, चार वाजता, सोलापुरात! ज्याने हा मेसेज लिहिला त्याने त्या वेळी बूट घालून दोन फेऱ्या मारून दाखवाव्यात. त्यातून एखादी आलीच, तर बाथरूमला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला गेलेला. चौदा वर्षांच्या मुलीने पाळीच्या दिवसांत दोन तास सराव कसा करायचा, याचं उत्तर कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. वर शहराबाहेर कुंभारीच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली मुलगी असेल तर दिवेलागणीनंतर परत जायचं कसं, हा प्रश्न आईच्या तोंडी आधी येतो, खेळाचा नंतर. आईचं यात काही चुकत नाही.

आता त्याच मैदानांवर पहाटे पाचला जाऊन बघा. पोलीस भरतीच्या तयारीच्या मुली 800 मीटर पळताना दिसतील, गोळाफेक करताना दिसतील. त्यांना अंधार, थंडी, लोकांच्या नजरा, काही आडवं येत नाही. का? कारण भरतीत महिलांना 30 टक्के जागा राखीव आहेत आणि घामाचं काहीतरी होणार, हे घरच्यांना पटलेलं आहे. पोरी त्याच, शहर तेच. तिथे येतात आणि फुटबॉलला येत नाहीत, तर खोट आवडीत कशी?

‘आवड नाही’ ही सबब जुनी आहे. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा फुटबॉल सामना बघायला 53,000 माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ बायकांना मानवत नाही, हे एक कारण, आणि धर्मादाय सामन्यांच्या पैशाचा हिशेब हे दुसरं. बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. गर्दी होती तरी मैदान काढून घेतलं आणि मग पन्नास वर्षं सांगत बसले की बायकांना फुटबॉलमध्ये रस नाही. त्याच इंग्लंडच्या मुलींनी 2022 चा युरो जिंकल्यावर तिथल्या सरकारला 3 कोटी पौंड बाजूला काढावे लागले, साधारण 30 मैदानं अशी उभी करायला की जिथे वेळ वाटताना मुलींना प्राधान्य मिळेल. पैसा मैदानाला, अट वेळापत्रकाला. आपल्याकडेही मागणी एवढीच आहे. अर्धा निधी वेगळा काढा, असं निदान माझ्या कानावर कुणाकडून आलेलं नाही.

‘पोरं रस्त्यावर येतील.’ ही भीती आकड्यांनी तपासता येते. अमेरिकेत 1972 साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, खेळातही नाही. तेव्हा तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली 3 लाखांच्या आत होत्या. 2018-19 ला 34 लाख झाल्या. आणि मुलगे? 37 लाखांच्या आसपास होते, ते 45 लाख झाले. कमी कुणीच झालं नाही.

‘दिखावा.’ भारताच्या मुलींनी जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून फुटबॉलचा आशिया चषक गाठला, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुरुष संघ सिंगापूरकडून गोव्यात हरला आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. म्हणून पुरुषांचा निधी बंद करा, असा मेसेज काही आला नाही. आणि जिल्ह्याचंच बोलायचं तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला सानिया मिर्झाबरोबर टेनिस दुहेरीत उतरली. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे 2022 मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद 162 करून गेली. फक्त ते तिने नागालँडकडून खेळताना केलं. यावर वेगळं लिहावं लागेल.

‘ज्याला आवड त्याला मैदान.’ आवड लागायला आधी चेंडू पायाला लागावा लागतो. शालेय फुटबॉलची सुब्रतो करंडक स्पर्धा 1960 पासून चालू आहे, मुलींचा गट त्यात आला 2012 ला. आजही मुलांचे दोन वयोगट आणि मुलींचा एक, तोही मोठ्या मुलींचा. सहावीतल्या मुलाला ध्येय दिसतं, सहावीतल्या मुलीला थांबायला सांगितलं जातं. थांबलेली मुलगी नववीत परत येत नाही. मग आपणच म्हणतो, आवड नव्हती.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. नुसता वेळ राखून ठेवला तर मैदान रिकामं राहील. फळ्यावर ‘मुलींसाठी 5.30 ते 6.30’ लिहिलं आणि कोच नाही, दिवे नाहीत, बाथरूम बंद, तर महिन्याभरात तिथे पोरांचं क्रिकेट सुरू होणारच. त्यात पोरांचाही दोष नाही. म्हणून पैसा मागायचा तो दिव्यांसाठी, बाथरूमसाठी आणि मानधनावर का होईना, एका महिला कोचसाठी. गॅलरीला नवा रंग दिला नाही तरी चालेल.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना एक काम सांगतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तुमच्या भागातल्या सरकारी मैदानाचं संध्याकाळी साडेपाच ते सातचं वेळापत्रक मागा, वेळ कुणाकुणाला दिली त्याची यादी मागा, आणि महिलांचं बाथरूम कोणत्या वेळेत उघडं असतं ते लेखी मागा. उत्तराचा फोटो त्याच ग्रुपवर टाका.