लाल दिवा पुन्हा पेटला

आज सकाळी परत तेच. मोडेमवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय आणि कस्टमर केअरवाली म्हणते, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." अहो, लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये! बंद-चालू करून काय होणार?

महिन्यात तिसरी वेळ. तांब्याची जुनी लाइन सोडून मोठ्या हौसेनं फायबर घेतलं. जोडायला आलेल्या पोरानं वायर खिडकीच्या चौकटीत काटकोनात दाबली आणि वर क्लिप ठोकली. आत १२५ मायक्रॉनची, केसाएवढी काच असते. ती फार वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. हे त्याला कुणी शिकवलंच नाही, त्याचा तरी काय दोष?

मागच्या वेळी आलेल्यानं वायरमधून किती प्रकाश येतो ते मोजायचा पॉवर मीटर लावला तर उणे २९ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप). "उणे २७च्या खाली गेलं की टिकत नाही," तोच म्हणाला. वायर मात्र बदलली नाही. कनेक्टर पुसला आणि गेला. संध्याकाळी मेसेज, तक्रार निवारण झाले!

मुलगी आत्ता जिन्यात बसून ऑनलाइन परीक्षा देतेय, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कारण रेंज तिथंच येते. बिल मात्र पूर्ण महिन्याचं. मला सवलत नकोय हो, दहा मीटर वायर बदलून द्या.