दोन ट्रिगर आणि एकच आकडा

पुन्हा तेच! भाचा सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आला, व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत मी लिहिलेल्या गेममधली गाडी चालवायला बसला आणि दहा मिनिटांत ओरडला, "मामा, ब्रेकच लागत नाहीये!"

ज्याला सांगावं तो म्हणतो, गेमपॅड, म्हणजे हातात धरायचा कंट्रोलर, खराब असेल, नवीन घ्या. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून तिसरा पॅड आणलाय मी. पॅडला काहीही झालेलं नाही, हे किती वेळा सांगायचं?

स्क्रीनवर आकडे छापून बघा ना. पॅड वाचणाऱ्या विंडोजच्या जुन्या फंक्शनमधून, जॉयगेटपॉसईएक्समधून, ० ते ६५५३५ आकडे येतात, मधोमध ३२७६७. पण एक्सइनपुटवाल्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या पद्धतीच्या, पॅडचे दोन्ही ट्रिगर (बोटांनी दाबायची बटणं, इथे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक) त्यात एकाच झेड अक्षावर, म्हणजे एकाच आकड्यात येतात. डावा दाबला की आकडा एका टोकाला, उजवा दाबला की दुसऱ्या. आणि दोन्ही एकदम? परत मध्यावर! म्हणजे पोराने ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही जीव खाऊन दाबलेत आणि प्रोग्रॅमला वाटतं, हात मांडीवर ठेवून बसलाय. बोटं पांढरी पडलेली मी डोळ्यांनी बघतोय!

ही माहिती एका ओळीत लिहून ठेवायला काय जातं लोकांचं? माझे चार रविवार गेले. शेवटी एक्सइनपुटचं स्वतःचं फंक्शन, एक्सइनपुटगेटस्टेट, प्रोग्रॅममध्ये थेट डिक्लेअर केलं, तेव्हा दोन्ही ट्रिगर वेगवेगळे आले, प्रत्येकी ० ते २५५. काल भाच्याने आणखी एक पॅड आणलाय, जुन्या पद्धतीचा. त्याला एक्सइनपुट ओळखतच नाही.