पॅरिसची कमान, गोदाघाट आणि एक फिरता संदेश

पॅरिसची ‘आर्क द त्रिओंफ’ ही विजयकमान कापडात गुंडाळलेली असतानाचे छायाचित्र जोडलेला एक संदेश नाशिकच्या व्हॉट्सॲप समूहांत अधूनमधून नारोशंकर मंदिराच्या घंटेसारखा घणघणत असतो. त्याचे म्हणणे असे, की जनतेच्या पैशातून हा तमाशा झाला, स्मारकाला इजा पोहोचली, हुतात्म्यांचा अपमान झाला, कलाकाराने प्रसिद्धी लाटली, आणि म्हणून सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाघाटावर तात्पुरत्या कलाकृती मांडण्याची भाषासुद्धा कोणी करू नये.

पैशाचा मुद्दा लवकर आटोपतो. १८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०२१ या काळात ही कमान सुमारे २५,००० चौरस मीटर निळसर चंदेरी कापडाने आणि ३,००० मीटर लाल दोराने वेढलेली होती. त्यासाठी आलेला सुमारे १ कोटी ४० लाख युरोंचा खर्च ही कल्पना ज्यांची होती त्या ख्रिस्तो या कलाकाराची रेखाटने, प्रतिकृती आणि इतर कलाकृती विकून भागवण्यात आला. सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसे घेतले गेले नाहीत. ख्रिस्तो स्वतः मे २०२० मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांनी प्रसिद्धी लाटली हा आरोप तर हास्यास्पदच आहे.

इजेचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण जुन्या दगडाला एकदा पडलेले भोक बुजवले तरी जात नाही. तेथे कमानीवरील शिल्पांभोवती आधी पोलादी सांगाडे उभारण्यात आले, जेणेकरून कापडाचा भार आणि वाऱ्याने होणारे घर्षण शिल्पांपर्यंत पोहोचू नये. आपल्याकडे मात्र मांडवासाठी दगडी भिंतीत खिळे ठोकले जातात, दिव्यांच्या माळांच्या तारा कोरीव पट्ट्यांवरून ओढल्या जातात, आणि काळ्या पाषाणाला तैलरंग फासला जातो, ज्यामुळे दगडातील ओलावा आतच कोंडतो आणि पुढे पापुद्रे सुटू लागतात. यातले बरेचसे कायमचे असते आणि त्याला कोणी कला म्हणत नाही, म्हणूनच बहुधा त्यावर संदेशही फिरत नाहीत.

अपमानाच्या आरोपाला कमानीखालच्या ज्योतीनेच उत्तर दिले आहे. तेथील अज्ञात सैनिकाच्या समाधीवरील ही ज्योत १९२३ पासून रोज सायंकाळी साडेसहाला नव्याने चेतवली जाते, आणि कापडाच्या त्या दिवसांतही तो विधी सुरूच होता. झाकलेल्या वास्तूत पाहायचे काय, असेही काही जण विचारतात. बर्लिनमध्ये १९९५ साली राइशस्टाग ही संसदेची इमारत अशीच दोन आठवडे गुंडाळली असता सुमारे ५० लाख लोक ती पाहायला आले होते. गर्दी म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य. पण लोकांनी पाठ फिरवली असे तरी म्हणता येणार नाही.

उरतो नाशिकचा प्रश्न, आणि येथे सरसकट बंदी जितकी चुकीची, तितकीच सरसकट मोकळीकही चुकीची ठरेल. पांडवलेणी केंद्राच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे दगडाला धक्का लावणे १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. पेशवेकालीन सरकारवाड्यात लाकूडकाम असल्यामुळे दिव्यांची उष्णता आणि तारांचे जोड यांची तपासणी कलाकृतीच्या सौंदर्याआधी व्हायला हवी. घाटावर जे काही मांडायचे ते स्वतःच्या चौकटीवर, दगडाला न जखडता उभे राहणारे असावे आणि पावसाळ्यापूर्वी उतरवलेले असावे, कारण पुराची खूण मानल्या जाणाऱ्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला किंवा गळ्याला पाणी लागले की नदी कोणाची परवानगी विचारत नाही.

गोदावरीवरील रामकुंडाबाबत मात्र माझे मत त्या संदेशाच्या बाजूचे आहे, पण कारण वेगळे आहे. पॅरिसमधला विधी सायंकाळी काही मिनिटांत उरकतो. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रियाविधी यांसाठी रोज माणसे येतात, आणि शोकात असलेल्या कुटुंबाला प्रेक्षकांच्या गर्दीतून वाट काढत पाण्यापर्यंत जायला लावणे कोणत्याही कलाकृतीसाठी योग्य नाही.