दोन कंपन्यांचे राउटर जुळत नाहीत? आधी डीफॉल्ट तपासा

नेटवर्किंगचं काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ओएसपीएफ (एकाच संस्थेच्या नेटवर्कमधले राउटर ज्याने एकमेकांना मार्ग सांगतात) आणि बीजीपी (वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क ज्याने एकमेकांना मार्ग सांगतात) ही स्टँडर्ड फक्त कागदावर आहेत. सिस्कोचा राउटर ज्युनिपरच्या राउटरला, मायक्रोटिकचा हुआवेच्या राउटरला रूट (कुठे कसं जायचं तो मार्ग) नीट देत नाही. नेबर (शेजारच्या राउटरशी जोडणी) वर येऊनही रूट आले नाहीत तर समोरच्या डब्यात बग आहे असं धरा. एमटीयू-इग्नोर (पॅकेटच्या कमाल आकाराची, म्हणजे एमटीयूची, तपासणी बंद करणारी कमांड) टाकून बघा, नाहीच जमलं तर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा मार्ग) मारा, आणि पुढच्या खरेदीत सगळे डबे एकाच कंपनीचे घ्या.

हा सल्ला मला घातक वाटतो, कारण तो ऐकून लोक पैसे घालवतात. तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्याकडे मायक्रोटिक असतो, त्याला मुंबईहून लिंक देणाऱ्याकडे सिस्को किंवा ज्युनिपर. रूट आले नाहीत की धडधाकट राउटर काढून महागडा बसवला जातो आणि अडचण तिथेच राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘स्टँडर्ड नावालाच आहे’

बीजीपीची पहिली आखणीच १९८९ मध्ये दोन कंपन्यांच्या माणसांनी मिळून केली: आयबीएमचे याकोव्ह रेख्टर आणि सिस्कोचे कर्क लॉहीड. त्याच वर्षी ओएसपीएफचा पहिला आरएफसी (इंटरनेटचे नियम छापणारा दस्तऐवज) लिहिणारे जॉन मॉय प्रोटिऑन या तिसऱ्याच कंपनीत होते. आयईटीएफमध्ये, म्हणजे हे नियम ठरवणाऱ्या संस्थेत, त्या काळी ड्राफ्ट स्टँडर्डची पायरी गाठायला किमान दोन स्वतंत्रपणे लिहिलेली आणि एकमेकांशी चालणारी इम्प्लिमेंटेशन दाखवावी लागत. वेगवेगळ्या डब्यांनी एकमेकांशी बोलावं हाच या प्रोटोकॉलचा जन्महेतू आहे. आज डी-सीआयएक्सच्या मुंबई एक्सचेंजवर (नेटवर्क एकमेकांना जोडणारं केंद्र) शेकडो नेटवर्क जोडलेली आहेत. तिथले रूट सर्व्हर (सगळ्यांचे रूट सगळ्यांना पोहोचवणारे) बर्ड या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि समोर हरतऱ्हेच्या कंपन्यांचे राउटर असतात. जुळत नसतं तर हे एक्सचेंज एक दिवस चाललं नसतं.

फक्त एवढं ध्यानात घ्यायला हवं की स्टँडर्ड मुख्यतः तारेवरून काय जायचं ते ठरवतं. पॅकेट निघण्याआधी आणि पोहोचल्यानंतर राउटरने आपल्या घरात काय करायचं, यातलं बरंचसं ते कंपनीवर सोडतं. दोन कंपन्यांमधल्या बहुतेक अडचणी या सोडलेल्या जागेत, म्हणजे कंपनीने आधीच ठरवून दिलेल्या डीफॉल्टमध्ये, घडतात. रूट येत नाही म्हणताना म्हणूनच पाच वेगळे प्रश्न विचारावे लागतात: समोरच्याने पाठवला का, आपल्याकडे पोहोचला का, फिल्टरने घेतला का, टेबलमध्ये निवडला गेला का, आणि प्रत्यक्ष पॅकेट त्या वाटेने जातात का.

‘एक्सस्टार्टला अडकलं म्हणजे इनकम्पॅटिबल. एमटीयू-इग्नोर टाका’

ओएसपीएफचे नेबर हॅलोनंतर (ओळख देणारी पॅकेट) डेटाबेस डिस्क्रिप्शनची, म्हणजे आपल्याकडच्या माहितीच्या यादीची, पॅकेट देतात-घेतात आणि त्यात प्रत्येक जण आपल्या इंटरफेसचा आयपी एमटीयू लिहून पाठवतो. समोरचा आकडा आपल्या इंटरफेसला पेलणारा नसेल तर ते पॅकेट नाकारायचं, असं आरएफसी २३२८ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. लहान एमटीयूची बाजू नाकारत राहते. एकीकडे नेबरची अवस्था एक्सस्टार्ट दिसते, दुसरीकडे बहुधा एक्सचेंज; दोन्ही ‘फुल’ होण्याआधीच्या अर्धवट पायऱ्या. हा बिघाड नाही. दोन्ही राउटर नियम पाळताहेत.

मग एमटीयू वेगळा होतो कसा? दोन्ही इंजिनिअर शपथेवर सांगतात की आम्ही ९००० टाकलाय, आणि दोघंही खरं बोलत असतात. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर (सिस्कोचे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) ९००० म्हणजे आयपी पॅकेटचा आकार. ज्युनिपरवर फिजिकल इंटरफेसला लिहिलेल्या ९००० मध्ये इथरनेट हेडरचे १४ बाइटही धरलेले असतात, त्यामुळे आयपीसाठी ८९८६ उरतात. व्हीलॅन टॅग (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखणारी खूण) असेल तर आणखी ४ कमी. ज्युनिपरला ९०१४, टॅग असेल तर ९०१८ लिहिलं की नेबर मुकाट्याने ‘फुल’ अवस्थेत जातो. काहीच न बदलता १५०० वर ठेवलं तर दोघांचे डीफॉल्ट जुळतात, म्हणून ही अडचण नेमकी जंबो फ्रेम (१५०० हून मोठी पॅकेट) चालू करण्याच्या रात्री उगवते.

तपासण्याच्या पिंगमध्येही हाच फरक आहे. सिस्कोच्या आयओएसवर आणि मायक्रोटिकवर पिंगचा साइझ म्हणजे अख्खं आयपी पॅकेट. ज्युनिपर आणि लिनक्सवर तो आकडा फक्त आतल्या डेटाचा, वर २८ बाइटची हेडर वेगळी. १५०० चा मार्ग तपासायचा तर एकीकडे १५०० लिहायचं, दुसरीकडे १४७२, आणि दोन्हीकडे तुकडे न करण्याचा पर्याय लावायचा. हे माहीत नसलेली दोन माणसं फोनवर तासभर वाद घालू शकतात.

एमटीयू-इग्नोरने फक्त तपासणी बंद होते, तार रुंद होत नाही. नेबर वर येतो, आणि पुढे नेटवर्क वाढल्यावर मोठं लिंक-स्टेट अपडेट (नेटवर्कचा नकाशा कळवणारं ओएसपीएफचं पॅकेट) निघालं की ते वाटेत गळतं, परत पाठवलं जातं, परत गळतं. छोटी पिंग चालते, मोठ्या फाइल अडकतात. आज दिसणारी चूक लपवून तीन महिन्यांनंतरची न सापडणारी चूक विकत घेण्याचा हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही.

‘नेबर फुल आहे, तरी रूट नाही, म्हणजे बगच’

इथे बहुतेक वेळा इंटरफेसचा नेटवर्क टाइप वेगळा असतो. एका बाजूने दोन राउटरमधली लिंक म्हणून पॉइंट-टू-पॉइंट लावलेलं असतं, दुसरीकडे इथरनेटचं डीफॉल्ट ब्रॉडकास्ट. हॅलोमध्ये नेटवर्क टाइप लिहिलेलाच नसतो आणि दोन्ही प्रकारांचे टायमर (हॅलो किती वेळाने पाठवायचा, आणि किती वेळ तो आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं) सहसा १० आणि ४० सेकंद असेच असतात, त्यामुळे नेबरशिप आरामात फुल होते. पण लिंक-स्टेट डेटाबेसमध्ये एक जण लिहितो, ‘मी थेट त्या राउटरला जोडलेला आहे’, तर दुसरा लिहितो, ‘मी एका सामायिक नेटवर्कला जोडलेला आहे’. मार्ग काढताना दोन्ही टोकांनी एकमेकांकडे बोट दाखवलेलं असलं तरच अल्गोरिदम लिंक मोजतो. इथे तसं होत नाही, म्हणून डेटाबेसमध्ये सगळं असूनही टेबल रिकामं राहतं. सिस्कोवर डेटाबेसचा तपशील काढला तर जाहिरात करणारा राउटर ‘नॉट रीचेबल’ आहे असं लिहिलेलं सापडतं. नेबरची यादी बघून थांबणाऱ्याला ही ओळ कधीच दिसत नाही.

नेबर इनिटवर, म्हणजे सुरुवातीच्याच पायरीवर, अडकला असेल तर गोष्ट वेगळी. एका दिशेचे हॅलो पोहोचतच नाहीत. मायक्रोटिकची इनपुट चेन किंवा ज्युनिपरच्या लूपबॅकवरचा फिल्टर (खुद्द राउटरकडे येणारी पॅकेट गाळणारे नियम) आधी बघा. ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही, त्याचा आयपी प्रोटोकॉल नंबर ८९ आहे, आणि फायरवॉल लिहिताना तो हमखास विसरला जातो.

‘टायमर जुळवले की सुटतं’

ओएसपीएफसाठी हॅलो आणि डेड इंटरव्हल जुळलेच पाहिजेत, हे खरं. बीजीपीसाठी अजिबात नाही. सिस्कोचा होल्ड टाइम (इतका वेळ काही ऐकू आलं नाही तर सेशन तोडायचं) १८० सेकंद, ज्युनिपरचा ९०; सेशन उघडताना दोघांतला लहान आकडा आपोआप ठरतो. बीजीपीचे टायमर जुळवण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

‘बीजीपी एस्टॅब्लिश्ड, प्रीफिक्स शून्य: सिस्कोशी जमत नाही’

जुलै २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ आला. बाहेरच्या नेटवर्कशी असलेल्या बीजीपी सेशनवर आयात आणि निर्यातीची पॉलिसी स्पष्ट लिहिलेली नसेल तर रूट घ्यायचेही नाहीत आणि द्यायचेही नाहीत, असं तो सांगतो. चुकून अख्ख्या जगाचे रूट पुढे ढकलले जाऊ नयेत यासाठीचा हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो. सिस्कोचं आयओएस एक्सआर असंच वागतं: पॉलिसी नसेल तर सेशन वर, रूट शून्य, आणि समरीमध्ये त्या नेबरपुढे उद्गारचिन्ह. जुनं आयओएस मात्र पॉलिसी नसली तरी सगळं घेतं आणि देतं. मायक्रोटिकच्या आवृत्ती ७ मध्ये फिल्टर चेन लावली आणि तिच्यात शेवटी स्वीकाराचा नियम लिहिला नाही, तर उरलेलं सगळं नाकारलं जातं. आवृत्ती ६ मध्ये ते स्वीकारलं जाई. जुनी कॉन्फिग आठवून नवी लिहिणारे इथेच अडकतात.

कम्युनिटीचंही (रूटसोबत जाणाऱ्या खुणा) तसंच. ज्युनिपर त्या न सांगता पाठवतो, सिस्कोच्या आयओएसला सेंड-कम्युनिटी सांगावं लागतं. अपस्ट्रीमने (आपल्याला लिंक देणाऱ्या सेवादाराने) दिलेली ब्लॅकहोल कम्युनिटी (‘हा ट्रॅफिक टाकून द्या’ सांगणारी) लावूनही हल्ल्याचा ट्रॅफिक थांबत नसेल, तर अपस्ट्रीमला दोष देण्याआधी ती आपल्या राउटरमधून बाहेर पडते आहे का, ते पाहा.

‘ज्युनिपर रूट घेतो, पण वापरत नाही’

तक्रारीतलं निरीक्षण अगदी बरोबर असतं, निष्कर्ष चुकतो. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे एकही पॅकेट हरवत नाही, एकही एरर येत नाही, तरी नेटवर्क चुकीचं चालतं.

एकच प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) दोन प्रोटोकॉलमधून आला तर कुणाचं ऐकायचं, हे प्रत्येक राउटर स्वतःच्या आकड्यांवरून ठरवतो. लहान आकडा जिंकतो. हे आकडे तारेवरून कधीच जात नाहीत आणि कुठल्याही आरएफसीने ते सक्तीचे केलेले नाहीत. सिस्कोवर बाहेरच्या बीजीपीचा आकडा २०, ओएसपीएफचा ११०, आतल्या बीजीपीचा २००. ज्युनिपरवर ओएसपीएफचे आतले रूट १०, बाहेरून आणलेले १५०, आणि बीजीपी आतला असो वा बाहेरचा, १७०. हुआवेवर ओएसपीएफ १० आणि १५०, बीजीपी २५५. म्हणजे सिस्को बाहेरच्या बीजीपीला ओएसपीएफच्या वर बसवतो, ज्युनिपर आणि हुआवे खाली.

समजा एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात बाहेर जाणारे दोन राउटर आहेत, एक सिस्को, एक ज्युनिपर. दोघांकडे वेगळ्या सेवादाराची लिंक आहे, दोघंही शाखांचे प्रीफिक्स बीजीपीने शिकतात आणि ओएसपीएफमध्ये सोडतात. सिस्कोने ते सोडले. ज्युनिपरकडे आता तोच प्रीफिक्स दोनदा आहे: स्वतःच्या सेवादाराकडून १७० वर आणि सिस्कोकडून ओएसपीएफने १५० वर. तो ओएसपीएफ निवडतो. त्याचा बीजीपी रूट टेबलमध्ये असतो, पण सक्रिय नसतो, म्हणून ज्युनिपर तो ओएसपीएफमध्येही सोडत नाही. सगळा ट्रॅफिक सिस्कोच्या लिंकवर, दुसऱ्या लिंकचं भाडं चालू आणि ती रिकामी. राउटर रीस्टार्ट केले आणि ज्युनिपर आधी उठला, तर सिस्कोचे रूट येईपर्यंत त्याचं बीजीपी वापरलं जातं, मग पुन्हा तेच. हे बघून ‘ज्युनिपरचं बीजीपी कधी चालतं, कधी नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा त्रास मी समजू शकतो. पण दोन्ही राउटर आपापल्या छापील डीफॉल्टप्रमाणेच वागत आहेत.

उपाय दोन ओळींचा आहे. ज्युनिपरवर ओएसपीएफच्या बाहेरून आणलेल्या रूटचा आकडा १७० च्या वर न्यायचा, आणि ओएसपीएफमध्ये सोडताना प्रत्येक रूटला टॅग लावून तो टॅग दिसला की परत बीजीपीत जाऊ द्यायचा नाही. दुसरी ओळ पहिलीहून महत्त्वाची, कारण ती नसेल तर आपलेच रूट फिरून आपल्याकडे येतात.

‘पण बग असतातच’

असतात, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणा ठरेल. १६ फेब्रुवारी २००९ रोजी चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या नेटवर्कने, एएस ४७८६८ ने (एएस नंबर म्हणजे बीजीपीतला नेटवर्कचा क्रमांक), आपला मार्ग लांब दाखवण्यासाठी प्रीपेंड लावलं, म्हणजे मार्गात आपलाच नंबर पुन्हा जोडला. सिस्कोवर तिथे एएस नंबर लिहितात. मायक्रोटिकवर किती वेळा जोडायचं तो आकडा. तिथे एएस नंबर लिहिला गेला. त्याला २५६ ने भागल्यावर उरणारी बाकी २५२, आणि तेवढ्या वेळा नंबर जोडला गेला. पुढे जाताना मार्गातल्या नंबरांची संख्या २५५ च्या पलीकडे गेली आणि जुन्या सिस्को आयओएसमधल्या दोषामुळे जगभर सेशन तुटू लागली. यात लिहिण्याच्या पद्धतीतला फरक होता, मायक्रोटिकने तो आकडा तपासला नाही हे होतं, आणि सिस्कोचा खरा बगही होता.

२७ ऑगस्ट २०१० ला रिपे एनसीसी (युरोपात आयपी पत्ते वाटणारी संस्था) आणि ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगात एक नियमबद्ध पण अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट (रूटसोबत जाणारी माहिती) सोडलं गेलं. आयओएस एक्सआर ते पुढे देताना बिघडवत होतं, आणि शेजारी नियमानुसार सेशन तोडत होते. शेजारी त्याच कंपनीचा असता तरी सेशन तुटलंच असतं. अशा घटनांनंतर ऑगस्ट २०१५ मध्ये आरएफसी ७६०६ आला: चुकीच्या अपडेटसाठी बहुतेक वेळा अख्खं सेशन न तोडता फक्त तो रूट मागे घेतला असं समजायचं.

‘म्हणून एकच कंपनी घ्या, नाहीतर स्टॅटिक मारा’

ईआयजीआरपी (सिस्कोचा स्वतःचा रूटिंग प्रोटोकॉल) वापरायचं असेल तर एकच कंपनी घ्या, हे मान्य. सिस्कोने ते २०१३ मध्ये खुलं केलं, २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ म्हणून छापलं गेलं, तरी बाकीच्यांनी फारसं स्वीकारलेलं नाही. त्यापलीकडे ‘एकच कंपनी’ म्हणजे एकच सॉफ्टवेअर नव्हे. सिस्कोच्याच आयओएसवर ओएसपीएफ कॉस्ट (लिंकचं वजन; लहान तो मार्ग आधी) काढण्याचा आधार १०० मेगाबिट आहे, एनएक्स-ओएसवर ४० गिगाबिट. १० गिगाबिटच्या लिंकला पहिला १ देतो, दुसरा ४. आयओएस एक्सआरचा इंटरफेस एमटीयू ज्युनिपरसारखा इथरनेट हेडर धरून मोजला जातो. एकाच कंपनीची तीन घरं, आणि वर सांगितलेले जवळपास सगळे घोळ त्यांच्यातही होतात.

स्टॅटिकचं म्हणाल तर, दोन राउटरमध्ये सेवादाराचा स्विच असेल तर पलीकडची तार तुटली तरी अलीकडचा पोर्ट वरच दिसतो. स्टॅटिक रूट टेबलमध्ये तसाच राहतो, पॅकेट मरत राहतात आणि बॅकअप लिंक शांत पडून असते. ते टाळायला बीएफडी (पलीकडचा राउटर पोहोचतो का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावायचं, तर त्याचे टायमर, फायरवॉलमधली जागा, दोन्हीकडचं समर्थन हे सगळं पुन्हा दोन कंपन्यांमध्ये तपासावंच लागतं. मग ओएसपीएफ का काढलं?

उद्या अपस्ट्रीमच्या इंजिनिअरला फोन कराल तेव्हा ‘तुमचा डबा रूट देत नाही’ म्हणू नका. त्याच्याकडून त्याने पाठवलेल्या रूटची यादी मागा, फिल्टरच्या आधी आपल्याकडे काय पोहोचलं ती यादी त्याला द्या, आणि दोन्ही शेजारी ठेवा. ज्युनिपरवर रिसीव्ह-प्रोटोकॉलची कमांड हे थेट दाखवते. सिस्कोच्या आयओएसवर त्यासाठी त्या नेबरला सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड आधीच चालू असावं लागतं, तेवढं फोन करण्यापूर्वी करून ठेवा.